रोसिताचा उपास

बेत जाला,
२९ एप्रिल १९९७

ती. वदीआताईस,

बिशाराचा सा. न. वि. वि. आम्ही इकडे खुशाल आहोत. आम्ही म्हणजे मी, आणि तुझ्या रेनातोने माझ्या गळ्यात बांधलेली ती आठ पायांची बाई.

परवा आपला ईस्टर झाला. तुझ्या वाट्याचे खजूर भरलेले काअक शेजारच्या उम्म जमीलने दरवर्षीसारखे आणून दिले आणि दरवर्षीसारखे मीच खाल्ले. पण पत्राचं कारण वेगळं आहे. रोसिता जेवत नाही. ८ एप्रिलला, मंगळवारी, तिने शेवटचा रातकिडा खाल्ला. आज एकविसावा दिवस.

तू म्हणशील, कोळ्याच्या उपासाचं एवढं काय. म्हणून नीट सांगतो. सप्टेंबरात तुझा लेक माझ्याकडे वजनकाट्यांचं काम शिकायला आला, तेव्हा दुधाच्या पावडरीच्या डब्याला भोकं पाडून ही टॅरँटुला बरोबर घेऊन आला. तुमच्या तिकडच्या डोंगरावर निघायच्या आठवडाभर आधी पकडलेली. तळहाताएवढी, अंगभर केस, पाठीवर गुलाबी झाक. पहिला महिनाभर मी झटकल्याशिवाय बुटात पाय घातला नाही. पण थंडीभर ती शेतावरच्या मजुरासारखी जेवली. आणि आता वसंत आला, सरडे बाहेर पडले, उम्म जमीलच्या कोंबड्या अंड्यांवर बसल्या, तेव्हा हिने तोंड मिटलं. हे कुठल्या हिशेबात बसतं?

मार्चमध्ये रेनातो तडकाफडकी निघाला. दुकानात माणूस कमी आहे म्हणाला. दारात थांबून मला सांगून गेला की मामा, रोसिता इथे आहे म्हणजे मी येणारच ना, जर्दाळू पिकायच्या आत परततो. जर्दाळूला अजून पाच आठवडे आहेत. तेवढ्यात ही माझ्या हाती मेली, तर तो यायचा कशासाठी? अठ्ठेचाळीस वर्षांच्या एका सड्या माणसासाठी? त्याच्या हाताला चांगली जाण आहे, ताई. दांडी ज्या पोलादी धारेवर तोलते ती धार मी तीन वर्षांत घासायला शिकलो, तो तीन महिन्यांत.

दर रविवारी चर्चमधून आलो की मी तिचं वजन करतो. एका पारड्यात तिचा पत्र्याचा डबा, दुसऱ्यात तेवढेच शिशाचे छर्रे, म्हणजे डब्याचा प्रश्न मिटला. मात्र माझ्या पेटीतलं दहा ग्रॅमचं पितळी वजन रेनातो गेल्यापासून सापडत नाही. त्यामुळे पलीकडे वीसचं ठेवतो, आणि इकडे तिच्या सोबतीला दोन ग्रॅम, अर्धा ग्रॅम आणि एक दशांश बसवतो. दांडी सरळ. वीसातून दोन पूर्णांक सहा गेले, म्हणजे रोसिता सतरा पूर्णांक चार. उम्म जमील हे बघून म्हणते, बायको करायच्या वयात केली नाहीस आणि आता ह्या केसाळ बयेला भरवत बसतोस! मी म्हटलं, ही निदान उलट बोलत नाही.

रेनातोला घाबरवू नकोस. सहज विचारल्यासारखं विचार.

लोभ आहे तेवढा ठेव. तो तोलायचा काटा माझ्याकडे नाही.

तुझा
बिशारा



सान्तियागो,
२० मे १९९७

चि. बिशारास,

अ. उ. आ. तुझं पत्र अठरा दिवसांनी पोचलं. चार वेळा वाचलं, आकडेमोड सोडून.

तू काही बदलला नाहीस रे. नऊ वर्षांचा असताना बाबांचं घड्याळ उघडलंस, परत बसवलंस, आणि एक स्प्रिंग हातात उरली तर म्हणालास की कारखानदाराने चुकून जास्तीची घातली होती. आठवतं? घड्याळ चाललं, फक्त तासाला चाळीस मिनिटं.

रेनातोला विचारलं. म्हणाला, काळजी नको, ती पुष्कळ दिवस उपाशी राहू शकते. तो कामात असतो, वेळ मिळाला की लिहील. जादला मध्ये थोडं बरं नव्हतं, त्यामुळे बापाच्या कापडाच्या दुकानाचं बरंचसं ह्यालाच बघावं लागतं. बाकी विशेष काही नाही.

इकडे थंडी सुरू झाली. रॉकेलची शेगडी काढली. परवा पहाटे जर्दाळूच्या वासाने जाग आली. अगदी आपल्या मागच्या गडग्यावरच्या झाडाचा वास, उन्हात तापलेला. उठून स्वयंपाकघरात गेले तर ओट्यावर अर्धा भोपळा. रेनातोने हाक मारून विचारलं की काय शोधतेस. काय सांगणार?

उम्म जमील अजून आहे हे वाचून बरं वाटलं. तिला सांग, तिची मोठी परात माझ्याकडेच आहे. एकतीस वर्षांपूर्वी निघताना आदल्या दिवशी मागून आणली होती आणि सामानात बांधली गेली. विसरलेली नाही म्हणावं.

तब्येत सांभाळ. माझ्या वाट्याचे जर्दाळूही तूच खा, पण मोजू नकोस.

तुझी
वदीआताई



बेत जाला,
१५ जून १९९७

ती. ताईस,

सा. न. वि. वि. जर्दाळू आले आणि गेले. रेनातो आला नाही. त्याच्यासाठी मुरंब्याची एक बरणी काढून ठेवली आहे. झाकणावर तारीख घातली आहे.

रोसिताचा आज अडुसष्टावा दिवस. मी काय काय केलं ते लिहितो, म्हणजे मामाने हयगय केली असं कोणी म्हणायला नको. रातकिडे मोठे आणि लहान, टोळ, पतंग, पिठातल्या अळ्या. उम्म जमीलच्या आग्रहाखातर कोकराच्या मांसाचा मसुराएवढा तुकडा, तोही दोऱ्याला बांधून हलवत. तिने एक पाय उचलला आणि तुकडा बाजूला सारला, जसा आपला आजा नको असलेलं ताट सारायचा. ऊब कमी पडत असेल म्हणून डब्यावर दिवा लावला. तर ती दिव्यापासून लांब, कोपऱ्यातली माती उकरून बसली.

आणि आता खरी गोष्ट. तिचं वजन उतरत नाही. अडुसष्ट दिवसांच्या उपासानंतर सतरा पूर्णांक तीन! हे अशक्य. म्हणून मी काटा खोलला. धार पुन्हा घासली, पारड्यांच्या साखळ्या उकळत्या पाण्यात धुतल्या, दांडी उलटी लावून पाहिली. आकडा तोच. मग बेथलेहेमच्या सराफाकडे डबा घेऊन गेलो. डब्यात काय आहे ते आधी सांगितलं नाही, ती माझी चूक. त्याच्या काट्यावरही सतरा पूर्णांक तीन. तिथल्या एका बाईने बांगडी खाली टाकली आणि सराफाने मला सांगितलं की पुढच्या वेळी काटाच तुझ्याकडे पाठवतो. तीस वर्षं मी ह्या गावाला खरं वजन दाखवतो आहे, आणि पहिल्यांदाच माझा माझ्या काट्यावर विश्वास बसेना.

ताई, एक विचारतो. तीन मिनिटांत तुटणाऱ्या फोनवर विचारता येत नाही. रेनातो कामात आहे हे तू मे महिन्यात लिहिलंस, फोनवर दोनदा सांगितलंस. मी मूर्ख नाही. तो येणार आहे की नाही?

उत्तर कसंही असलं तरी लोभात काटछाट करू नकोस.

बिशारा



सान्तियागो,
१४ जुलै १९९७

चि. बिशारास,

अ. उ. आ. तुझ्या प्रश्नाचं उत्तर द्यायला तीनदा बसले आणि तीनदा भांडी घासायला उठले.

मार्चच्या पाच तारखेला जादला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. आता काठीने न्हाणीपर्यंत जातो, शब्द एकेक सुटा येतो, कधी येतही नाही. मी रेनातोला तार करून बोलावून घेतलं आणि मामाला सांगू नकोस अशी शपथ घातली. तू काम टाकून धावत आला असतास, नाहीतर तिथे बसून झुरला असतास. दोन्ही मला नको होतं. रेनातोचा ह्यात दोष नाही. सकाळी आठला तो दुकान उघडतो, बापाला आंघोळ घालून. तो येणार नाही, बिशारा. निदान काही वर्षं तरी नाही. पत्र लिहायला बसतो आणि कागद तसाच ठेवून उठतो, कारण जर्दाळूचं काय लिहायचं ते त्याला कळत नाही.

तुझं दहा ग्रॅमचं वजन मला मिळालं. त्याची पॅंट धुवायला घेतली तर खिशात. मला वाटलं चुकून आलं असेल, तर म्हणतो की आई, राहू दे, ते माझ्याकडेच असतं. पाठवून देऊ का?

आता तुझ्या बाईबद्दल. तू तिला दिवा लावलास, दोऱ्याला मांस बांधलंस, बिचारा काटा सोलून काढलास. एकदा खिडकीबाहेर बघायचं होतंस, माझ्या खिडकीबाहेर. इकडे आज बर्फाळ वारा आहे. ज्या डोंगरावर तिला पकडलं तिथल्या तिच्या सगळ्या बहिणी आता बिळाच्या तोंडाशी माती लोटून निजल्या आहेत. तुमची थंडी तो आमचा उन्हाळा, म्हणून ती तेव्हा जेवली. तुमचा वसंत ती आमची पानगळ. ती आजारी नाही रे. ती घरीच आहे.

हे मला कोणा डॉक्टरने सांगितलं नाही. एकतीस वर्षं इकडे ईस्टरला काअक भाजते तेव्हा अंगणात पानं गळत असतात, आणि नाताळला घामाने जीव जातो. आणि दर ऑक्टोबरात, इकडे झाडं फुलत असतात तेव्हा, माझे तळहात खाजतात. ऑलिव्ह उतरवायची वेळ झाली, एवढंच. जाद हसायचा. म्हणायचा, बाई, हात इथे आणि हातांचं पंचांग तिथे.

तो दिवा विझव. पाणी ठेव आणि तिला तिच्या थंडीत राहू दे.

रागावला असशील तर तसं लिही, पण लिही.

वदीआताई



बेत जाला,
२४ ऑगस्ट १९९७

ती. ताईस,

सा. न. वि. वि. रागावलो होतो. दहा दिवस. म्हणून उशीर.

जादला माझा नमस्कार सांग. मला दुकान लावायला पहिला बाक त्यानेच करून दिला होता, त्याच बाकावर हे लिहितो आहे. सांगायला हवं होतंस एवढंच म्हणतो, आणि पुन्हा म्हणणार नाही.

दिवा काढला. भिंतीवर शेजारी शेजारी दोन कॅलेंडरं लावली, एक इकडचं, आणि दुसरं माझ्या हाताने आखलेलं, सहा महिने सरकवून. उम्म जमीलने विचारलं की दोन कशाला, तुझं वय दुप्पट मोजायला? तिला सगळं समजावलं. तिने दोन्ही कॅलेंडरांवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, म्हणजे वदीआ तिकडे उलटी जगते आहे होय? नंतर जाऊन तिने तुझ्या नावाची मेणबत्ती लावली. परातीचा विषयही काढला नाही.

मी सहा यत्ता शिकलो. बाकी जे शिकलो ते यंत्रं खोलून. रोसिताला चार महिने आतून बाहेरून तपासलं, आणि ती कुठून आली हे एकदाही विचारात घेतलं नाही. हे लिहायला मला जड जातं आहे, पण लिहितो.

आज एकशे अडतिसावा दिवस, सोळा पूर्णांक नऊ. तिची पाठ काळवंडत चालली आहे, कारण कळत नाही. वजन पाठवू नकोस. रेनातोच्या खिशात असू दे. त्याला म्हणावं, मुरंबा टिकतो.

लोभ तिकडच्या थंडीत गारठू देऊ नकोस.

बिशारा



बेत जाला,
२६ नोव्हेंबर १९९७

ती. ताईस,

सा. न. वि. वि. ह्या पत्रासोबत एक डबी वेगळ्या पुडक्यात पाठवली आहे. डबी आधी उघडू नकोस. आधी हे वाच.

सप्टेंबरात तुमचा वसंत लागला आणि मी रातकिडे आणून ठेवले. ती जेवली नाही. ऑक्टोबरातही नाही. तुझं गणितसुद्धा चुकलं असं मला वाटू लागलं, आणि खरं सांगू, त्यात थोडं बरंही वाटलं. मग वाटेनासं झालं.

९ नोव्हेंबरला, रविवारी, चर्चमधून आलो. सगळं गाव टेकडीवर ऑलिव्हखाली, घाण्याचा आवाज इथपर्यंत येत होता. डब्याचं झाकण काढलं. रोसिता पाठीवर उलटी पडली होती. आठही पाय वर, पसरलेले. हलवून पाहायला बोट पुढे केलं आणि मागे घेतलं. उम्म जमील दारातून डोकावली. म्हणाली, देवाने सोडवलं तिला. आता जर्दाळूच्या झाडाखाली पूर आणि दोन माणसांत येऊन बस. मी तिला जायला सांगितलं. जरा जोरातच.

मला रेनातोला काय लिहायचं ते सुचत नव्हतं. एवढंच ठरवलं की शेवटचं वजन चोख करायचं. सतरा पूर्णांक चारला सुरुवात झाली, शेवट कितीला झाला हे त्याला कळलं पाहिजे. माझी पद्धत तुला माहीत नाही, पण त्याला माहीत आहे, तो हसायचा तिला. महत्त्वाचं वजन असलं की मी आधी पारडी उतरवून पुसतो, पाणसळ लावून बाक सरळ करतो, खिडक्या लावतो, आणि काट्याला एक तास हात लावत नाही. बेथलेहेमचे सराफ ह्या एका तासासाठी मला शिव्या देतात. दांडी पूर्ण स्थिर झाल्याशिवाय मी त्यात काही ठेवत नाही, देवदूताचा पंख असला तरी.

तर तो तास मी समोर बसून काढला. काट्याकडे बघत होतो, तिच्याकडे बघवत नव्हतं. चाळीस मिनिटं झाली असतील. काट्याची सुई स्थिर, पण डोळ्याच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. एक पाय. वारा म्हणावा तर खिडक्या बंद. मग दुसरा. मग तिच्या कडेला एक भेग दिसली, जशी भाजलेल्या वांग्याच्या सालीला पडते, आणि त्या भेगेतून ती स्वतःलाच बाहेर ओढायला लागली. पाय एकेक करून, मोज्यातून काढावा तसा. ताई, मी तीन तास त्या स्टुलावरून उठलो नाही. कात टाकत होती ती! सात महिने ह्याच्याच तयारीत होती. त्या वेळी नुसतं उचललं असतं तरी अंग फाटून मेली असती, हे मला नंतर जेरुसलेमच्या एका प्राणिशास्त्राच्या मास्तरांनी सांगितलं. माझ्या ज्या तासाला सगळे हसतात, त्या तासाने तिला वाचवलं. हे जादच्या कानात ओरडून सांग.

बाहेर आली तेव्हा ओल्या मखमलीसारखी होती, दात पांढरेशुभ्र, पाठीवर नवी गुलाबी झाक. चौदा दिवस तिला हात लावला नाही. २३ तारखेला, दोनशे एकोणतिसाव्या दिवशी, रातकिडा सोडला. तो जमिनीला टेकायच्या आत तिने धरला. मी एकटाच टाळ्या वाजवत होतो, आणि उम्म जमील भिंतीपलीकडून विचारत होती की कोणाचं लग्न लागलं.

डबीत तिची कात आहे. पाय, दात, केस, सगळं शाबूत. वजन आठ दशांश ग्रॅम. आठ दशांशाला दहाचं वजन लागत नाही, म्हणून तेही पाठवू नका. रेनातोला म्हण, त्याच्या वचनाची मुदत मी काढून टाकली आहे. बापाला सोडून आला तर मी दार उघडणार नाही.

आता डबी उघड.

बिशारा



सान्तियागो,
१६ डिसेंबर १९९७

चि. बिशारास,

अ. उ. आ. तुझं पत्र दोन दिवस उशिरा आलं आणि डबी आधी. डबी आधी उघडू नकोस हे आम्हाला डबी उघडल्यावर कळलं.

रेनातो दुकानातून जेवायला आला होता. त्याने तुझं अक्षर ओळखलं, पुडकं फाडलं, झाकण काढलं, आणि आत आठ पाय. त्याचा चेहरा असा झाला की मी ताट खाली ठेवलं. बापाच्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसला, डबी मांडीवर घेऊन. झाकण जादच्या पुढ्यात पडलं होतं. तू झाकणाच्या आतल्या बाजूला मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं होतंस ते आम्ही दोघांनी पाहिलंच नाही. जादने डाव्या हाताने झाकण उचललं, डोळ्यांजवळ नेलं, लांब नेलं, आणि वाचलं. मेलेली नाही, नुसती कात आहे. बिशारा, एका दमात पाच शब्द! मार्चपासून तो एवढं लांब वाक्य बोललेला नव्हता. मग त्याचं त्यालाच कळलं आणि तो तसाच अर्ध्या तोंडाने हसायला लागला, आणि रेनातो रडायला, आणि भात करपला.

कात आता दुकानात गल्ल्यामागच्या काचेच्या कपाटात आहे. शेजारी दहा ग्रॅमचं वजन. गिऱ्हाईक विचारतं तेव्हा तो सांगतो की ही माझी, बेत जालाला असते.

आणि आता मी सांगते ते नीट ऐक. जादच्या बहिणीने दोन महिने त्याच्याजवळ राहायचं कबूल केलं आहे. पुढच्या वर्षी ऑक्टोबरच्या सहा तारखेचं तिकीट काढलं. तळहात दरवर्षी खाजतात, ह्या वर्षी त्यांना म्हटलं, दम धरा. परात बांधून ठेवली आहे.

बाबांचं घड्याळ अजून आहे का? असलं तर दुरुस्त करू नकोस.

वदीआताई



बेत जाला,
९ जानेवारी १९९८

ती. ताईस,

सा. न. वि. वि. पत्र परवा, सात जानेवारीला, आपल्या नाताळच्या दिवशीच मिळालं. उम्म जमीलला वाचून दाखवलं. ती म्हणाली, एकतीस वर्षांत परातीला कल्हई लावली होती का ते आधी विचार. मग घरी गेली आणि ऑक्टोबरसाठी आत्तापासून बदाम फोडायला बसली.

घड्याळ आहे. अजून तासाला चाळीस मिनिटं चालतं. तसंच ठेवलं आहे.

रोसिता आठवड्याला तीन रातकिडे खाते, एकोणीस पूर्णांक एक. मास्तर म्हणाले, ह्यांच्यातल्या माद्या वीस वर्षं जगतात. हे रेनातोला सांग. त्याला घाई नाही. एप्रिलमध्ये ती पुन्हा जेवण सोडेल, तेव्हा मी दिवा लावणार नाही. भिंतीवर दुसऱ्या कॅलेंडरावर तुझ्या तारखेला टिंब दिलं आहे. पहिल्यावरही दिलं आहे.

रेनातोच्या बाकाजवळची खिडकी मी पुसून घेतो, पण तिथे कोणी बसत नाही. एकटा असलो की कधी पेटी उघडतो. वीस, मग रिकामी गोल जागा, मग पाच. सराफ म्हणतो, नवं दहाचं घे, अर्ध्या दिवसात मिळेल. मी घेत नाही. रोसिताला तोलताना तिच्या पारड्यात माझ्या बोटांनी एकेक बारीक वजन वाढवत जावं लागतं, मग कुठे दांडी सरळ येते. मला आता त्याची सवय झाली आहे.

तू आलीस की ऑलिव्हच्या पोत्यांच्या मोठ्या काट्यावर तुला उभी करणार, आणि जायच्या दिवशी पुन्हा. लाजू नकोस, आकडा उम्म जमीललाही सांगणार नाही. पण दुसरा आकडा पहिल्यापेक्षा जास्त नसला, तर मी तुला सोडणार नाही. जादला हे आधीच सांगून ठेव, म्हणजे पुढे भांडण नको.

तो मोठा काटा आत्ताच सरळ करून ठेवला आहे. नऊ महिने त्याला हात लावणार नाही.

तुझा
बिशारा